सायकलीचा पायबंद

मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सिंदखेड राजाच्या अलीकडे, दुसरबीड हें गांव लागतें. बुलढाणा जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा भाग. लांबच्या वाटेनें निघालेला सायकलस्वार अशा गांवीं थोडा वेळ थांबतोच. कोणाला पाणी प्यावयाचें असतें, कोणाला चहा घ्यावयाचा असतो, कोणाला टपालकचेरींत डोकवावयाचें असतें. काम सारें पांच मिनिटांचें. परंतु त्या पांच मिनिटांत सायकलीचें काय करावयाचें? रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न सोपा आहे. तेथें घर असतें, दार असतें, दाराला कडी असते. वाटेंतल्या थांब्याला यांपैकीं कांहींच नसतें, आणि सायकल जाते ती बहुधा अशा वेळींच. धनी आंत असतो, ती बाहेर असते, आणि दोघांच्यामध्यें एक भिंत येते.

हा प्रश्न सायकलीनें प्रथम उत्पन्न केला असें मात्र नाहीं. दुसरबीडच्या शेजारचें सिंदखेड हें लखुजी जाधवरावांचें ठाणें. १५९८ मध्यें जिजाबाईंचा जन्म झाला तो येथेंच. त्या काळापासून पुढें कितीतरी पिढ्या या मुलुखांतल्या वाटा तुडविल्या त्या घोड्यांनीं आणि बैलांनीं. घोडेस्वार खालीं उतरला कीं त्याचा पहिला विचार जनावराचा असे, आणि या एका विचारानें मराठी भाषेला शब्दांची केवढी श्रीमंती आणून दिली! घोड्याच्या पुढच्या बाजूचे दोर ती अगाडी, मागच्या पायांचे दोर ती पिछाडी. पाय पायांशीं जखडणारा तो पायबंद. पळणाऱ्या गुराच्या गळ्यांत अडकवावयाचें तें लोढणें. याखेरीज दावें, खुंटा, मेख हे आहेतच. घोडे गेले, तरी एखाद्याच्या उधळेपणाला आजहि पायबंद घातला जातो आणि नकोशी जबाबदारी आजहि गळ्यांतलें लोढणें होऊन बसते.

या साऱ्या सरंजामाकडे नीट पाहिलें तर त्यांत उपाय तीनच दिसतात. जनावर एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधावयाचें, हा दाव्याचा उपाय. जनावराला त्याच्या स्वतःच्याच अंगाशीं बांधावयाचें, म्हणजे तें उभें राहील पण धांवणार नाहीं, हा पायबंदाचा उपाय. आणि लगाम दुसऱ्या माणसाच्या हातीं द्यावयाचा, हा मोतद्दाराचा उपाय. सायकलीच्या कुलपांनीं पुढें कितीहि रूपें घेतलीं, तरी या तीन उपायांच्या बाहेर तीं कधीं गेलीं नाहींत.

घोड्यांत आणि सायकलींत एक भेद मात्र मोठा आहे. घोडा परका हात ओळखतो. तो बिथरतो, खिंकाळतो, प्रसंगीं लाथ झाडतो. सायकलीला मालकाची ओळख म्हणून नाहीं; जो पाय पायडलावर पडेल त्याची ती. शिवाय पितळेची घागर चोरली तर चोराला ती वाहून न्यावी लागते. सायकल चोरली तर तीच चोराला वाहून नेते, आणि पाठलाग करणारा आतां पायीं असतो. चोरीचा माल आणि पळून जाण्याचें साधन एकच असावें, ही सोय चोराला घोड्यानंतर सायकलीनेंच करून दिली.

सायकल आपल्याकडे आली ती पूर्ण वाढ झाल्यावर. १८१७ मध्यें जर्मनींतल्या मानहाइम शहरीं कार्ल ड्रेस यानें दोन चाकांचें लांकडी वाहन चालवून दाखविलें. त्याला पायडल नव्हतें, पायांनीं जमीन ढकलीत जावें लागे. १८८५ मध्यें इंग्लंडांत स्टार्ली यानें साखळीची, सारख्या चाकांची रोव्हर सायकल बाजारांत आणली, आणि १८८८ मध्यें डनलॉप यानें हवेचा टायर काढला. त्याच १८८८ सालीं बेळगांवीं किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान निघालें. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या वेळीं मुंबईंतल्या तंत्रशाळेंत शिक्षक होते. नांगर आणि चरक हे सगळें पुढचें. म्हणजे यंत्रयुगाची एक मोठी मराठी कथा सुरू होते ती सायकलीच्या दुकानांतून.

त्या आरंभींच्या दिवसांत वाटेंतल्या थांब्याचा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. सायकली इतक्या थोड्या होत्या कीं प्रत्येकीला जणूं नांव होतें. ही डॉक्टरसाहेबांची, ती मास्तरांची, ती मिशनच्या पाद्रीबोवांची. अशी सायकल चोरून चोर तिच्यावर बसणार कोठें? दहा कोसांच्या आंत ती पाहिली कीं लोक विचारणार, “मास्तर कोठें आहेत?” दुर्मिळ वस्तु स्वतःच स्वतःची राखण करते. त्यांत खेड्यांतला पार किंवा दुकानाचा ओटा म्हणजे दिवसभराचा पहारा. सायकल ओट्याला टेकवावी, एक पायडल पायरीवर ठेवावें म्हणजे ती घसरत नाहीं, आणि बसलेल्या वडीलधाऱ्याला म्हणावें, “बाबा, जरा लक्ष असूं द्या.” एवढ्यानें काम होई. हें सांगणें म्हणजे नुसती विनंति नव्हे. ज्याला सांगितलें त्याच्यावर तेवढ्या वेळापुरती जबाबदारी येते, आणि चारचौघांच्या देखत आलेली जबाबदारी खेड्यांतला मनुष्य सहसा टाकीत नाहीं. मोतद्दाराचा उपाय तो हाच. फक्त येथें मोतद्दाराला पगार नव्हता.

या उपायाची एक अट आहे. सांगणारा आणि ऐकणारा यांची ओळख असावी लागते, निदान सांगणाऱ्याचें गांव तरी ऐकणाऱ्याला ठाऊक असावें लागतें. दुसरबीडसारख्या रस्त्यावरच्या गांवीं ही अट कोठें तुटते तें चांगलें दिसतें. सिंदखेडचा मुलूख वऱ्हाडांत होता. वऱ्हाड १८५३ मध्यें निझामानें इंग्रजांच्या ताब्यांत दिला, १९०२ मध्यें तो त्यांना कायमच्या पट्ट्यानें मिळाला, आणि पुढें मध्यप्रांताला जोडला गेला. जालना मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत राहिलें. म्हणजे या एकाच रस्त्यानें जाणारा सायकलस्वार कांहीं तासांत एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत शिरे. भाषा तीच, जोंधळा तोच. परंतु नाणें बदले, कारण पलीकडे हाली शिक्का रुपया चाले, आणि पोलीसहि बदलत. हद्दीच्या अलीकडे हरवलेली वस्तु पलीकडे गेली कीं तिचा माग काढावयाला दोन सरकारांचीं दफ्तरें हालावीं लागत. मुख्य म्हणजे अशा रस्त्यावर जाणारायेणारा हा बहुधा परका. त्याला ओट्यावरच्या म्हाताऱ्याचें नांव ठाऊक नाहीं, आणि त्याच्या सायकलीवर दुसराच कोणी बसून निघाला तर तो मालक नव्हे हें म्हाताऱ्याला समजण्याचा मार्ग नाहीं.

कुलूप आलें तें या परकेपणाच्या जागीं. ओळखीचे डोळे जेथपर्यंत पोंचतात तेथपर्यंत लोखंडाची गरज फारशी भासत नाहीं. ते संपले कीं खिशांत किल्ली हवीशी वाटते. देशी कुलपांचे कारखानेहि याच सुमारास उभे राहूं लागले. उत्तरेंत अलीगडचें नांव या धंद्यांत झालें, आणि १८९७ मध्यें मुंबईंत अर्देशीर गोदरेज यांनीं कुलपें करण्यास आरंभ केला. त्याआधीं शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या धंद्यांत त्यांना यश आलें नव्हतें. तीं कुलपें दारांचीं होतीं. सायकलवाल्यानें त्यांतलेंच एखादें लहान कुलूप आणि हातभर साखळी घेतली आणि सायकल खांबाला बांधली. हें झालें दावें.

परंतु वाटेंत प्रत्येक ठिकाणीं खांब कोठून मिळणार? म्हणून पायबंदाचें महत्त्व वाढलें. मागच्या चाकाशीं, बैठकीकडून येणाऱ्या दोन नळ्यांवर घट्ट बसविलेलें गोल कुलूप सर्वांच्या परिचयाचें आहे. दांडा सरकवला कीं तो आऱ्यांमधून जातो आणि चाक फिरेनासें होतें. त्यांत एक नामी युक्ति आहे: कुलूप उघडें असेपर्यंत किल्ली बाहेर निघत नाहीं, लावल्यावरच ती हातीं येते, म्हणजे चालतांना ती हरवण्याची भीति नाहीं. पण युक्तीच्या पोटांतच तिचा दोषहि आहे. “एवढें पान घेऊन आलों,” असें म्हणून जो उतरतो तो कुलूप लावीत नाहीं, आणि किल्ली कुलपांतच राहते. चोराला सायकलहि मिळते आणि पुढें ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्थाहि मिळते! दुसरा दोष असा कीं, हें कुलूप सायकलीला सायकलीशींच बांधतें. मागचें चाक उचलून धरलें तर पुढच्या चाकावर ती निमूटपणें चालूं लागते, आणि बैलगाडी जवळ असेल तर तेवढीहि तसदी नको. तिसरा दोष स्वस्ताईचा. स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे प्रकार इतके थोडे असत कीं शेजाऱ्याच्या किल्लीनें आपलें कुलूप उघडावें, आणि त्याचें कोणालाहि फार आश्चर्य वाटूं नये.

इंग्लंडांतल्या रॅले कंपनीनें आपल्या कांहीं सायकलींत पुढच्या फोर्कच्या माथ्यांतच कुलूप बसविलें होतें. हँडल एका बाजूला वळवून तें लावलें कीं सायकल सरळ जातच नाहीं. घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागीं वळत राहते. मानेला अडकवलेल्या लोढण्याचीच ही सुधारलेली आवृत्ति म्हणावी.

अनुभवी लोक एका कुलपावर विसंबत नसत. पंप काढून हातांत घ्यावा, दिवा सुटा असेल तर तोहि घ्यावा, आणि थांबा लांबणार असें दिसलें तर मागच्या चाकाची हवाच सोडून द्यावी. हा शेवटचा उपाय दिसावयाला वेडगळ, पण त्यांत शहाणपण आहे. चोराला हवा असतो वेग. सपाट टायरच्या सायकलीवर बसून पळतां येत नाहीं, आणि ती ढकलीत नेणारा चारचौघांच्या डोळ्यांत भरतो. धन्याजवळ पंप असतो, त्याला दोन मिनिटांचे श्रम पडतात, एवढेंच. १९४२ च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं पडल्यावर रबराची टंचाई झाली, तेव्हां मात्र हवा सोडून भागण्यासारखें नव्हतें. टायर आणि ट्यूब याच मोलाच्या वस्तु होऊन बसल्या.

स्वातंत्र्याच्या अलीकडे-पलीकडे देशी सायकल मुबलक झाली. मुंबईंत हिंद सायकल्सचा कारखाना निघालेला होताच; १९५१ मध्यें सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्यें लुधियानाला हिरो यांनीं सायकली काढावयास सुरुवात केली. कारकून, शिक्षक, गवळी, पोस्टमन यांच्या दारीं सायकल आली. ही गोष्ट चांगलीच झाली, पण थांब्याच्या दृष्टीनें तिचा एक परिणाम विचित्र झाला. आतां सगळ्या सायकली एकसारख्या: काळा रंग, बावीस किंवा चोवीस इंची सांगाडा, तशीच बैठक, तसेंच कॅरिअर. दुर्मिळपणाची राखण संपली. चोराला तर त्रास नाहींच, पण प्रामाणिक मनुष्यहि चुकून दुसऱ्याची सायकल घेऊन जाऊं लागला. म्हणून चेनकव्हरवर नांव रंगविणें, आऱ्यांत रंगीत मणी ओंवणें, हँडलाला गोंडे बांधणें असल्या गोष्टी आल्या. त्यांना हौस म्हणून हंसण्यांत अर्थ नाहीं. हौसेइतकीच त्यांत ओळखीची खूणहि होती. नगरपालिकांनीं सायकलीवर कर बसवून जो धातूचा बिल्ला दिला, त्याचाहि असाच उपयोग झाला. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत चित्रपटगृहें, स्टेशन, मंडई यांच्यापाशीं सायकलतळ निघाले. एक बिल्ला सायकलीला, त्याच क्रमांकाचा दुसरा धन्याच्या हातीं. मोतद्दार परत आला होता, फक्त आतां तो पैसे घेत होता.

सायकल जाणें म्हणजे काय, हें ज्यांची नोकरीच सायकलीवर अवलंबून असते त्यांनाच खरें समजतें. १९४८ चा व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट या एकाच गोष्टीवर उभा आहे. १९५२ मध्यें मुंबईंत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत तो दाखविला गेला आणि हिंदी चित्रपटसृष्टीवर त्याचा खोल परिणाम झाला. त्यांत थांबे दोन आहेत, आणि त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पहिल्या प्रसंगीं अंतोनिओ बायकोला बोलवावयाला एका घरांत शिरतो आणि रस्त्यावरच्या पोराला सायकलीवर नजर ठेवावयाला सांगतो. प्रेक्षकाला वाटतें, ही आतां गेली; पण ती जागच्या जागीं असते. दुसऱ्या प्रसंगीं, कामाच्या पहिल्याच दिवशीं, तो शिडीवर चढून भिंतीवर जाहिरात चिकटवीत असतो. सायकल खालीं हाताच्या अंतरावर आहे, पण ती कोणाला सांभाळावयाला दिलेली नाहीं, आणि त्याचें स्वतःचें तोंड भिंतीकडे आहे. ती तेव्हां जाते. रोमसारख्या महानगरांतहि पहिल्या थांब्याला ओट्यावरच्या म्हाताऱ्याचाच न्याय लागू पडला.

कायद्यानें या प्रश्नाकडे कसें पाहिलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता झाली तेव्हां पायडलाची सायकल बाजारांत आलीहि नव्हती. तिच्या ३७८ व्या कलमांत चोरीची व्याख्या होती: दुसऱ्याच्या ताब्यांतली जंगम वस्तु त्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिकपणें घेण्याच्या हेतूनें हलविणें. धनी चहा पीत असला तरी दाराशीं उभी असलेली सायकल त्याच्या ताब्यांतच असते. ती हलली कीं चोरी पुरी झाली, मग चोर दहा पावलांवर सांपडो कीं दहा कोसांवर. त्याच कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणांत असें म्हटलें होतें कीं, एखाद्या वस्तूला हलण्यापासून अडविणारा अडथळा दूर करणें, किंवा ती दुसऱ्या वस्तूपासून सुटी करणें, हेंहि हलविणेंच होय. दावें आणि पायबंद या दोहोंचें यापेक्षां नेमकें वर्णन कायद्याच्या भाषेंत होणें कठीण. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीचें कलम ३०३ वें झालें. त्यांत एक नवी तरतूद आहे: वस्तु ५,००० रुपयांहून कमी किंमतीची असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल, आणि त्यानें वस्तु किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावयाची. अमलाआधींच या आंकड्यानें पुष्कळशा साध्या सायकली एका बाजूला आणि महागड्या दुसऱ्या बाजूला काढून ठेवल्या.

दरम्यान लोखंड आणि चोर यांची शर्यत चालूच राहिली. अमेरिकेंत १९७० नंतर क्रिप्टोनाइट या नांवाचें इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखें जाड पोलादी कुलूप निघालें. १९७२ मध्यें न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्यें तें लावून एक सायकल महिनाभर रस्त्यावर उभी ठेवण्यांत आली. सुटे होण्यासारखे भाग लोकांनीं काढून नेले, पण सायकल खांबालाच राहिली. पुढें २००४ मध्यें असें उघडकीस आलें कीं, या जातीचीं कांहीं कुलपें साध्या बॉलपेनच्या नळीनें उघडतात! कंपनीला तीं बदलून द्यावीं लागलीं. पुण्यांत २०१७ च्या अखेरीस रस्त्यावर भाड्याच्या सायकली आल्या. त्यांचें कुलूप भ्रमणध्वनीनें उघडे, आणि सायकल कोठें आहे तें उपग्रहावरून समजे. तरीहि मोडतोड आणि चोरी यांनीं त्या योजना जेरीस आल्या आणि थोड्याच वर्षांत बंद पडल्या. सायकलीचा ठिकाणा समजणें आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. कोणाच्याच नसलेल्या सायकलीला ओट्यावरून हटकणारा कोणी नसतो.

दुसरबीडच्या रस्त्यावर आज दोन तऱ्हांच्या सायकली दिसूं शकतात. डिसेंबर २०२२ मध्यें नागपूर ते शिर्डी असा खुला झालेला समृद्धि महामार्ग याच तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून लोणारचें सरोवर किंवा सिंदखेडचा राजवाडा पाहावयाला निघालेला हौशी सायकलस्वार जुन्याच रस्त्यानें जातो. त्याची सायकल हलकी, किंमतीची, आणि तिचें पुढचें चाक नुसता दांडा फिरवून हातांत काढून घेण्यासारखें. अशा सायकलीला गोल कुलूप बसत नाहीं. जाणते लोक ती हॉटेलाच्या आंतून दिसेल अशी उभी करतात. कुलूप मागच्या चाकांतून आणि सांगाड्यांतून घेऊन खांबाला लावतात. दोघे असले तर दोन सायकली तोंडें उलट करून एकमेकींना बांधतात, म्हणजे चोराला एक नव्हे, दोन न्याव्या लागतात आणि त्याहि विरुद्ध दिशांना.

दुसरी सायकल शाळकरी मुलीची. मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पांच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठीं सरकारी अनुदान मिळतें. २०२२ पासून त्याची रक्कम ५,००० रुपये झाली. कायद्याच्या हिशेबानें अशी सायकल त्या आंकड्याच्या अगदीं काठावर येते. हौशी प्रवाशाची सायकल गेली तर त्याचा प्रवास मोडतो. हिची गेली तर पावसाळ्यांत वाटेला चिखल झाल्यावर शाळेला कसें जावयाचें, हा प्रश्न घरांत उभा राहतो, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां “नको जाऊंस” असेंच मिळतें. म्हणून वाटेंत वही घ्यावयाला दुकानापाशीं थांबणाऱ्या तिघी मैत्रिणींपैकीं दोघी आंत जातात. तिसरी बाहेरच उभी राहते, तिन्ही हँडलांवर नजर ठेवून.